मधली चित्रं

सुमनताईंनी घरातल्या सपाता खोलीच्या उंबऱ्याबाहेर काढल्या, पदर कमरेला खोचला आणि टीव्हीसमोरच्या खुर्चीत मांडी घालून बसल्या.

"लाव," त्या म्हणाल्या.

तन्वीच्या हातात रिमोट होता. तिने बटण दाबलं नाही.

"आत्या, हा वाला भाग सोडून देऊ ना. सीधा शेवटचा बघू. यात काही नाहीये."

"काही नाही तर त्यांनी केला कशाला?"

"यार, आत्या..."

"यार मी तुझी नाही. लाव."

बाहेर कंपू मोहल्ल्याच्या रस्त्यावर वैशाखातलं ऊन होतं. कूलरचा पंखा मधूनमधून घरघरत होता आणि पडद्यातून येणारा उजेड भाजल्यासारखा तांबूस झाला होता. पाच वाजता लक्ष्मीकांत, म्हणजे तन्वीचे वडील आणि सुमनताईंचे धाकटे भाऊ, स्कूटरवर येणार होते. फूलबागेजवळच्या एका कोचिंगच्या सरांशी तन्वीच्या नोकरीचं त्यांचं बोलणं झालं होतं. ऑफिसात बसायचं, मुलांचे प्रवेश बघायचे, जाहिराती तयार करायच्या. सर आज भेटणार होते. आणि तन्वी कामावर परत येणार का, याचं हैदराबादच्या स्टुडिओला संध्याकाळपर्यंत फोनवर हो किंवा नाही सांगायचं होतं. सुमनताईंना दोन्ही ठाऊक होतं. दोन्हींबद्दल त्या सकाळपासून एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

त्यांचं या मालिकेसमोर बसणं अपघातानेच झालं होतं. तन्वी हैदराबाद सोडून आली ती वडिलांकडे राहिली नाही, आत्याकडे आली. पहिले काही दिवस ती नुसती पडून असायची. मग एका दुपारी तिने टीव्ही लावला. मटार सोलायला परात घेऊन चाललेल्या सुमनताई दारातच थांबल्या. पडद्यावर डोंगर होते, धुकं होतं, बासरीसारखं काहीतरी वाजत होतं आणि त्यावर एक बाई जपानीत गात होती. सुमनताईंना ते नमन वाटलं. त्या परात बाजूला ठेवून बसल्या, हातही जोडले. सात-आठ वर्षांच्या असल्यापासून त्या कीर्तनाला बसत आल्या होत्या, आणि नमनाला बसलेल्याने आरती झाल्याशिवाय उठायचं नाही हा त्यांच्या वडिलांचा दंडक होता. दौलतगंजातल्या मंदिरात त्यांनी तबलजीला डुलकी लागलेली कीर्तनं ऐकली होती, लाइट गेलेली ऐकली होती, बुवा पूर्वरंगातच इतके रमले की आख्यानाला वेळच उरला नाही अशीही ऐकली होती. उठल्या मात्र कधी नव्हत्या.

"आत्या, ही कार्टून आहे," तन्वी तेव्हा म्हणाली होती. "बहुत लंबी आहे."

"आता बसले मी," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

कथा साधी होती. धरणात बुडालेल्या एका गावातली किनू नावाची मुलगी देवळाची घंटा पाठीवर बांधून निघते. जिथे लोक घंटा ऐकायला तयार असतील तिथे ती टांगायची. तोवर वाजू द्यायची नाही, म्हणून तिने लोलकाला आईच्या साडीसारख्या कसल्याशा वस्त्राची पट्टी गुंडाळली होती. खाली इंग्रजी अक्षरं येत, पण सुमनताईंच्या चष्म्याला तो वेग झेपत नसे. तन्वी वाचून मराठीत सांगायची, अडली की हिंदीत, आणि सुमनताई हुंकार भरायच्या.

त्या काही भोळ्या श्रोत्या नव्हत्या. मधले काही भाग गरम पाण्याच्या कुंडावर गेले, तिथे सगळी पात्रं नुसती आरडाओरडा करत पाण्यात पडत होती, तेव्हा त्या स्पष्ट म्हणाल्या, "पाल्हाळ." किनूबरोबर एक बोलणारं कोल्ह्याचं पिल्लू होतं, त्याच्यावर तर त्यांचा रागच होता.

"त्याची खेळणी विकायची म्हणून ते ठेवलंय," तन्वीने सांगितलं होतं.

"असू दे. अंबरीशबुवाही कीर्तनात मध्येच गॅसच्या भावावर बोलतात. लोक हसले की परत आख्यानावर येतात. हा कोल्हा परत येत नाही, एवढंच."

पण एका भागात एक म्हातारा कुंभार घंटेला नुसता कान लावून बसला होता. घंटा वाजत नव्हती, तो काही बोलत नव्हता. पडद्यावर बराच वेळ कोणीच काही बोललं नाही. त्या दिवशी सुमनताईंनी संध्याकाळचा दिवा लावताना तन्वीला विचारलं होतं, "त्याला काय ऐकू आलं असेल गं?"

पहिले भाग तन्वीच्या हातचे नव्हते. म्हणून ती ते न घाबरता बघू शकायची. आज जो भाग होता, तो तिचा होता.

म्हणजे, तिचा असं तरी कसं म्हणायचं. किनू पाऊल उचलते ते चित्र जपानात काढलेलं असे, आणि किनू पाऊल टेकवते तेही. त्या दोन चित्रांच्या मधली सगळी चित्रं हैदराबादच्या मोठ्या खोलीत काढली जात. बर्फातल्या चालण्याची मधली चित्रं तन्वीच्या वाट्याला आली होती. तिकडून चित्रं उशिरा आली आणि परत द्यायची वेळ काही पुढे सरकली नाही. तन्वीने टेबलावरच डोकं ठेवून झोपत ती पूर्ण केली. भाग लागला, आणि दुसऱ्याच दिवशी तेवढा तुकडा सगळीकडे फिरू लागला. पाठीवर घंटा घेतलेली मुलगी बर्फात पावलं टाकत नव्हती, घसरत होती. कोणीतरी त्याला नाचाचं गाणं लावलं. कोणीतरी तिला 'स्केटिंगवाली' म्हटलं. घरच्या ग्रुपवरही तो तुकडा आला. टाकणाऱ्याला काय माहीत, तो तन्वीच्या हातचा आहे. हसून लोटपोट होणारे चेहरे लावून तो पुढे पाठवणारे लक्ष्मीकांत होते. त्यांनाही माहीत नव्हतं. कळलं तेव्हा त्यांनी तो पुसून टाकला, आणि त्या दिवसापासून मुलीला त्या कामातून सोडवायचंच असा ध्यास घेतला.

"लावतेस ना?" सुमनताई म्हणाल्या. "नाहीतर ते बटण दाखव मला. मी लावते."

तन्वीने बटण दाबलं.

बर्फ पडू लागला. कोल्ह्याचं पिल्लूही थंडीने गप्प झालं होतं, हे सुमनताईंना बरं वाटलं. किनू डोंगर चढू लागली. तन्वीने मान खाली घातली.

"वाच ना."

"काही बोलत नाहीयेत आता."

"मग बघ."

"मी बघितलंय, आत्या. हजार दफा बघितलंय."

किनू चढत होती, म्हणजे सरकत होती. पाय हलत होते, पण जमिनीशी त्यांचं काही नातं नव्हतं. सुमनताई पुढे वाकून बघत राहिल्या. किनू एका कड्याजवळ आली, तिचा तोल गेला, ती पडली, आणि पडताना लोलकावरची पट्टी सुटली.

घंटा वाजली.

इतक्या भागांत पहिल्यांदा. एकच टोल. तो बर्फावरून लांब गेला, कुठल्यातरी डोंगरावर आपटून परत आला, अन् पुन्हा गेला. किनू बर्फात तशीच पडून होती. तिने कानांवर हात ठेवले होते. मग हळूहळू काढले.

तन्वीने मान वर केली होती.

"हे..." ती म्हणाली. "हे कुठे होतं?"

"कुठे म्हणजे?"

"आम्हाला आवाज नसतो, आत्या. आम्ही मुकी चित्रं काढतो. मला फक्त लिहून आलेलं, इथे पडते, इथून उठते. आणि नंतर जो तुकडा फिरला, त्यावर ते गाणं होतं." तिने पडद्याकडे बोट केलं. बोट तसंच राहिलं. "मी हा भाग कधी बघितलाच नाही. मी पायच बघत होती."

पडद्यावर किनू बोलू लागली होती. खाली अक्षरं आली, गेली, दुसरी आली.

"काय म्हणतेय?"

तन्वीने तोंड उघडलं. "ती म्हणते की... इतके दिवस मी..." आवाज तिथेच अडला. तिने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडला.

सुमनताईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. कीर्तनात बुवांचा गळा भरून आला तर श्रोत्यांनी त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचं नसतं. गजर उचलायचा असतो, आणि बुवा सावरेपर्यंत तो खाली पडू द्यायचा नसतो. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. शेजारच्या बायका करायच्या तसं त्या करत आल्या होत्या. त्यांनी दोन्ही हात पुढे घेतले आणि हलक्या टाळीवर सुरू केलं.

"विठ्ठल, विठ्ठल... विठ्ठल, विठ्ठल..."

"आत्या, काय करतेस!" तन्वी रडतारडता हसली.

"तू सावर. मी आहे. विठ्ठल, विठ्ठल..."

कूलर घरघरला. किनू बर्फातून उठून बसली. टाळी चालूच राहिली. खालच्या मजल्यावरच्या गुप्तांच्या खिडकीतून कोणीतरी "आज कीर्तन है क्या, मौसी?" असं ओरडून विचारलं, आणि सुमनताईंनी टाळी न थांबवता "हाँ!" म्हणून उत्तर दिलं.

तन्वीने ओढणीने नाक पुसलं, भाग थोडा मागे नेऊन पुन्हा लावला आणि वाचलं.

"ती म्हणते, इतके दिवस मी हिला गप्प ठेवलं. मला वाटलं, मी हिला सांभाळते. ही माझ्यावर रुसलेली नाही."

सुमनताईंची टाळी थांबली.

भाग संपला. नावं वर सरकू लागली. तन्वीने रिमोट उचलला, तशा सुमनताई म्हणाल्या, "राहू दे ती. तुझं आहे का यात?"

"नाही. आमच्या कंपनीचं आहे, तेही छोटंसं."

"टाळकऱ्यांची नावं पत्रिकेत कधी छापतात?" त्यांनी नावं संपेपर्यंत पाहिलं. मग चष्मा काढून पदराने पुसला. "चाल मात्र वाईट काढलीस."

तन्वीने रिमोट खाली ठेवला. इतक्या आठवड्यांत हे तिला कोणी तोंडावर म्हटलं नव्हतं. मैत्रिणींनी 'लोग पागल हैं' म्हटलं होतं, बाबांनी विषयच काढायचा बंद केला होता.

"इतकी वाईट?"

"वाईटच. पाठीवर घंटा आहे असं वाटतच नाही. रिकामी परडी घेऊन फुलं तोडायला चालल्यासारखी जाते पोरगी." त्यांनी चष्मा घातला. "आणि तरी घंटा वाजली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. दोन्ही खरं आहे. आता शेवटचा लाव."

शेवटच्या भागात कोल्ह्याचं पिल्लू भरपूर बोललं. एक लढाई उगाचच झाली, आणि तिच्यात रंग इतके भडक होते की सुमनताईंनी डोळे बारीक केले. किनू एका समुद्रकाठच्या गावात पोहोचली. लोक जमले. खांब उभा राहिला. तिने पाठीवरची गाठ सोडायला हात मागे नेला, आणि चित्र तिथेच थांबलं. वर काही अक्षरं आली.

"हे काय लिहिलंय?"

"पुढचं पुढच्या सीझनमध्ये."

"म्हणजे घंटा टांगली नाही?"

"नाही."

"आरती झाली नाही म्हण की." सुमनताईंनी मांडी मोडली नाही. "कोण काढणार आहे पुढचं?"

तन्वी रिमोटवरची धूळ अंगठ्याने पुसत राहिली.

"तिकडचे काढतील. मधलं कोणीतरी काढेल. आत्या, तुला कळतंय मी काय म्हणते. पुन्हा हसले तर?"

"हसतील की. चाल वाईट आली तर मीसुद्धा हसेन."

"मग?"

"मग काय? मी बसलेय इथे. तुझं तू बघ."

जिन्यात धपधप पावलं वाजली. मध्येच थांबली, दम घेतला, पुन्हा वाजली. लिफ्ट चार दिवस बंद होती. दार उघडंच होतं, त्यातून लक्ष्मीकांत आत आले. खांद्यावर गव्हाचं अर्धं भरलेलं पोतं, कपाळावरून घाम वाहत चाललेला.

"ताई, तुझे वर्षाचे गहू. बाकीचे उद्या आणतो." त्यांनी मान तिरकी करून मुलीकडे पाहिलं. "तन्वी, झाली का तयार? सर बसलेत तिकडे. आणि ताई, तू अजून कार्टूनच बघतेस?"

"आख्यान आहे ते, लखू."

"असेल. कुठे ठेवू हे?"

"खाली ठेवू नका," तन्वी म्हणाली.

ती उभी राहिली होती. वडिलांच्या चेहऱ्याकडे तिचं लक्ष नव्हतं. ती त्यांच्या गुडघ्यांकडे बघत होती, मग टाचेकडे, मग पोत्याखाली वाकलेल्या मानेकडे.

"बाबा, परत खाली जाता?"

"काय?"

"पोतं घेऊनच. आणि तसेच वर या."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तिसरा मजला आहे!"

"खांदा बदलू नका. तसंच असू दे." टीव्हीखालच्या खणातून तिने कोरे कागद ओढले, पेन्सिल शोधली, ती बोथट होती, तरी घेतली. "पहिल्या जिन्यापर्यंत जा फक्त. प्लीज."

लक्ष्मीकांतांनी बहिणीकडे पाहिलं.

"जा रे," सुमनताई म्हणाल्या. "मला उठता येत नाही, नाहीतर मीच गेले असते."

"आणि सरांना काय सांगू?"

तन्वी उंबऱ्यात खाली बसली होती, गुडघ्यावर कागद. लक्ष्मीकांत क्षणभर तिथेच उभे राहिले. मुलीच्या हातात पेन्सिल त्यांनी किती दिवसांनी पाहिली, ते त्यांचं त्यांनाच माहीत. त्यांनी पोतं खांद्यावर सावरून घेतलं, पुटपुटत वळले आणि कठड्याला धरून खाली उतरले.

खालून आवाज आला, "येऊ का?"

"या," तन्वीने जिन्यात वाकून सांगितलं. "हळू या, बाबा. बर्फ आहे असं समजा."