पान दोनशे आठच्या पुढे

मित्रांनो, मी वाचनालयाच्या बालविभागातली एक जुनी वही आहे. माझ्यात गोष्टी नाहीत आणि गणितेही नाहीत. माझ्यात आहेत मुलांची मते. माझ्या निळ्या कापडी पुठ्ठ्यावर ‘वाचकांचे अभिप्राय’ असे लिहिले आहे आणि त्या अक्षरांच्या मधोमध बाटलीच्या बुचाएवढा एक गोल खळगा आहे. तो कसा पडला ते आधी सांगते. कारण ज्या ओझ्याने तो पडला त्याखाली मी अडकले होते, तेव्हाच एका मुलीवर नको ती वेळ आली.

एका बांधणीच्या दुकानात मी तयार झाले. तिथल्या बाईंनी रेघांचे कागद दुमडले, जाड सुईने शिवले, पाठीला खळ लावली आणि दोन दिवस वजनाखाली दाबून ठेवले. “ही काही लवकर फाटायची नाही,” असे त्या म्हणाल्या. ते खरे ठरले. फक्त पुढे माझ्यावर कसले वजन येणार आहे, ते त्यांना ठाऊक नव्हते.

वाचनालयात मला खिडकीजवळच्या बुटक्या टेबलावर जागा मिळाली. तेव्हाच्या ग्रंथपालबाईंचा एक नियम होता. पुस्तक परत करणाऱ्या प्रत्येक मुलाने माझ्यात तारीख घालून निदान एक ओळ लिहायची. “नुसतं ‘छान’ चालणार नाही,” त्या बजावत. “छान तर वांग्याचं झाडही असतं. का छान, ते सांगा.”

मुलांनी पुष्कळ पुस्तकांवर लिहिले, पण सगळ्यात जास्त लिहिले ते ‘धुमसा’वर. धुमसा हा राखाडी पंखांचा, उडायला घाबरणारा ड्रॅगन. तळ्याकाठच्या दीपगृहावर दिवा लावणाऱ्याच्या मुलीने त्याला अंड्यापासून वाढवलेले. त्याच्या गोष्टीचे तीन भाग होते. त्यांच्यावरची काही मते मला आजही पाठ आहेत.

‘आग ओकण्याआधी धुमसा उचकी देतो ते मला फार आवडले. वर्गात कविता म्हणताना माझेही तसेच होते.’

‘दुसऱ्या भागात लढाया जास्त आणि धुमसा कमी. लेखिकाबाईंनी घाई केली.’

‘एवढ्या जड अंगाला एवढे पंख पुरणार नाहीत. मी कबुतराचे पंख मोजून गणित केले. तरीही पुस्तक आवडले.’ हे लिहिणाऱ्या मुलाला सगळे मापाड्या म्हणत. त्याच्या खिशात कायम फूटपट्टी असे.

तिसऱ्या आणि शेवटच्या भागावर मात्र मुले वेगळ्याच मनाने लिहीत. त्या भागाच्या अखेरीस दीपगृह वाचवताना धुमसा तळ्यात कोसळतो, पाण्यावर वर्तुळे उमटतात, मोठी होत जातात आणि पाणी स्थिर होते. गोष्ट तिथेच थांबते. कुणी लेखिकेवर चिडले. कुणी माझ्या पानावर एक थेंब सांडून तसेच निघून गेले. एका मुलीने लिहिले, ‘माझी आई दवाखान्यातून परत आली नाही. सगळे म्हणायचे, येईल, येईल. या पुस्तकात धुमसा येईल असे कुणीच म्हणत नाही. म्हणून मला हे पुस्तक आवडले.’ ग्रंथपालबाईंनी ते दोनदा वाचले. नंतर त्यांनी ते पान अलगद मिटले.

बाहेरगावची माणसे वाचनालय बघायला आली, की बाई मला पुढे करत. माझी पाने चाळता चाळता मोठी माणसे हसत आणि मधेच गप्प होत. ते माझे कौतुकाचे दिवस होते, मित्रांनो.

मग मी भरले. शेवटच्या रेघेपर्यंत भरले, आणि नेमक्या त्याच सुमारास बाई निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी मला शिपायाच्या हाती दिले. सगळी मुले त्यांना मामा म्हणत. “मामा, ही जपून ठेवा,” एवढेच बाई म्हणाल्या.

मामा माणूस चांगला. पण बालविभागातल्या लोखंडी कपाटाखालची फरशी खचली होती आणि दार उघडले की कपाट डुलायचे. पोरांच्या अंगावर आले तर काय, या काळजीने त्यांनी कपाटाच्या एका गोल पायाखाली पुठ्ठा सरकवून पाहिला, लाकडाचा तुकडा घालून पाहिला. शेवटी त्यांनी मला घातले. कपाट डुलायचे थांबले. माझी मात्र वहीची पाचर झाली आणि पुठ्ठ्यावर त्या पायाचा खळगा पडला.

तीन वर्षे गेली. त्या काळात अभिप्राय लिहिण्याची पद्धतच बंद पडली होती. मग नव्या ग्रंथपालबाई आल्या आणि त्यांनी शनिवारी तोंडी मते सांगायची बैठक सुरू केली. मुले त्याच कपाटासमोर गोल करून बसत. मी खालून ऐकत असे. मला मुलांचे चेहरे दिसत नसत, पावले दिसत.

त्यातली दोन पावले फार हळू चालायची. ती होती शिंप्याची दहा वर्षांची मुलगी. ओळीवर बोट ठेवून, एकही शब्द न गाळता वाचायची, म्हणून तिला मुंगी म्हणत. एका शनिवारी ती उठून म्हणाली, “मी धुमसाचा तिसरा भाग वाचला. शेवट मला पटला नाही. दुसऱ्या भागात तो पोहायला शिकलाय, मग बुडेल कसा?”

“बुडत नाही गं तो!” नुकताच सभासद झालेला एक मुलगा ओरडला. त्याला सगळेच ठाऊक असायचे, म्हणून आठवड्याभरातच त्याचे नाव प्रोफेसर पडले होते. “शेवटच्या प्रकरणात वर येतो की! तू वाचलंस की नुसतं बोट फिरवलंस?”

सगळे हसले.

“शेवटच्याच प्रकरणात बुडतो,” मुंगी म्हणाली. “मी दोनदा वाचलं.”

“माझ्या घरी आहे पुस्तक. आणतोच सोमवारी.”

त्याने खरोखरच आणले. त्याच्या पुस्तकात दोनशे चोवीस पाने होती. वाचनालयाच्या प्रतीत दोनशे आठवे पान संपले की सरळ पुठ्ठा. बाईंनी शेवटची पाने चाळल्याची फडफड मी ऐकली. त्यांना फाटल्याची एकही खूण सापडली नाही. “कुणीतरी पातं लावून काढलीत,” त्या हळूच म्हणाल्या. “फार सफाईनं.” पुस्तक शेवटचे नेले होते ते मुंगीने.

“शिंप्याकडं कात्रीला काय तोटा!” प्रोफेसर म्हणाला.

“तू गप्प बस,” बाई त्याच्यावर डाफरल्या. पण शब्द पडायचा तो पडलाच. बाईंनी आता मोठ्या झालेल्या दोन जुन्या वाचकांनाही विचारून पाहिले. एक म्हणाला, “ड्रॅगन होता, एवढं नक्की आठवतं.” दुसऱ्याला तेही आठवेना.

बुधवारी दुपारी चार वाजता मुंगीला वडिलांसह बोलावले गेले. वडील दुकानातून तसेच उठून आले होते. त्यांच्या चपलेला रंगीत दोरे चिकटले होते.

“मला हिला शिक्षा करायची नाही,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खरोखर मऊ होता आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. “चित्रं आवडली असतील, काढून घ्यावीशी वाटली असतील. हिनं तसं लिहून दिलं की विषय संपला. नाही दिलं, तर नियमाप्रमाणं कार्ड रद्द होईल आणि नाव फळ्यावर लागेल.”

“पोरी, खरं सांग,” वडील म्हणाले. “मी ओरडणार नाही.”

“बाबा, मी नाही कापली.”

“मग पानं गेली कुठं? ड्रॅगनसारखी उडून?”

मुंगी एक पाऊल पुढे आली. मग तिने विचारले, “बाई, माझ्या आधी हे पुस्तक कुणीतरी वाचलंच असेल ना? त्यांनी शेवटाबद्दल काय म्हटलं होतं?”

माझा प्रत्येक कागद ताठ झाला. अगं, मी इथे आहे! तुझ्या पायापासून वीतभर अंतरावर! पण वहीला कुणीतरी उघडल्याशिवाय बोलता येत नाही.

“मामा,” बाईंनी हाक मारली, “पूर्वी अभिप्रायांची एक वही होती म्हणे. कुठंय ती?”

मामा कपाटावरची धूळ पुसत होते. त्यांची पावले माझ्या अगदी समोर होती. फडके थांबले.

“ती... रद्दीत गेली असेल, बाई.”

मी हादरले. कपाटाखाली मला घालणारा हात त्यांचाच होता! पण तीनच दिवसांपूर्वी खिडकी उघडी राहून नकाशे भिजले होते, म्हणून बाईंनी त्यांना सगळ्यांसमोर झापले होते, तेही मी ऐकले होते. माणूस खोटे बोलायचे ठरवून बोलला नव्हता. आधी घाबरला आणि मग तोंडातून निघून गेले.

बाईंनी कागद पुढे केला. खुर्ची सरकली. मुंगीचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

“लिही बाळा,” वडील म्हणाले. “होऊन जाऊ दे एकदाचं. गिऱ्हाईक खोळंबलंय.”

“काय लिहू?”

“मी पानं कापली. पुन्हा असं करणार नाही,” बाईंनी सांगितले.

पेन कागदावर टेकल्याचा आवाज आला. वर्णमालेतले प्रत्येक वळण मला कागदाच्या खरखरीवरून ओळखता येते. तिने ‘मी’ लिहिले. मग ‘पा’. काना देऊन झाल्यावरही पेन तिथेच थांबले. माझ्या पोटात तिसऱ्या भागावर लिहिणारी एकतीस मुले साक्षीला उभी होती आणि माझ्यावर पुस्तकांनी भरलेले कपाट होते. मामांचा अंगठा चपलेत आखडला, सैल झाला, पुन्हा आखडला. पेन पुन्हा हलले. ‘ने.’

“थांब गं,” मामा एकदम म्हणाले. “लिहू नकोस. बाई, वही रद्दीत नाही गेली. ही काय, या कपाटाखाली आहे. मीच घातली.”

“मग मघाशी?”

“मघाशी घाबरलो. जपून ठेवायला दिलेल्या वहीची पाचर केली म्हणून तुम्ही बोलाल, असं वाटलं. बोला आता काय बोलायचं ते. पण ही पोर माझ्यामुळं न केलेलं लिहून द्यायला निघाली, ते काही बघवेना.”

बाई खुर्ची सारून उठल्या. वडिलांनी आणि मामांनी कपाटाची कड उचलली आणि मुंगीने मला बाहेर ओढले. तीन वर्षांनी माझ्या पानांना वारा लागला. काही पाने एकमेकांना चिकटली होती. बाईंनी नखाने ती अलगद सोडवली आणि वाचू लागल्या. एक मत, दुसरे, दहावे. सगळ्यांचा धुमसा तळ्यात बुडालेलाच होता. मग त्या मापाड्याच्या ओळीपाशी आल्या आणि ती त्यांनी मोठ्याने वाचली:

‘पान दोनशे आठनंतर एकदम पुठ्ठा. लेखिकेने निदान आणखी एक पान लिहायला हवे होते.’

“तारीख पाच वर्षांपूर्वीची आहे,” बाई म्हणाल्या. “तेव्हा तू केवढी होतीस गं?”

“पाच वर्षांची. मला जोडाक्षरंसुद्धा यायची नाहीत.”

वडिलांनी पुस्तक उचलले. आतापर्यंत त्यांनी ते हातातही घेतले नव्हते. पाठीच्या शिवणीवरून त्यांनी नख फिरवले आणि मोजू लागले. “सोळा सोळा पानांच्या तेरा घड्या. दोरा सलग आहे, कुठं सैल नाही. पातं लावलं असतं तर कडा तरी राहिल्या असत्या. बाई, शेवटची घडी यात शिवलीच नाही. बांधतानाच राहून गेली.” ते थांबले. “शिवण बघायची म्हणजे माझा रोजचा धंदा. दोन मिनिटांचं काम होतं. मी ते केलं नाही, आणि पोरीलाच खोदून खोदून विचारत बसलो.”

मुंगी तेव्हा रडली. त्याआधी एकदाही रडली नव्हती.

पुढच्या शनिवारी बाईंनी सगळ्या मुलांसमोर सांगितले, “मी शिवण न बघताच मुंगीवर आळ घेतला. चूक माझी होती.” मामांनी कपाटाखाली लाकडाची नीट तासलेली पाचर बसवली. प्रोफेसरने आपल्या पुस्तकातल्या शेवटच्या सोळा पानांच्या प्रती काढून आणल्या होत्या. त्यात धुमसा तळ्याच्या दुसऱ्या काठाला वर येतो, चिखलाने माखलेला आणि उचक्या देत. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

“म्हणजे वहीतली ती सगळी मतं चूक झाली,” प्रोफेसर म्हणाला. “लाल पेननं खोडून टाकू या का? नाहीतर पुढचे वाचणारे फसतील.”

मुंगीने मला उघडून एक पान त्याच्यापुढे धरले. “हे खोड,” ती म्हणाली.

त्याने वाचले. जिची आई दवाखान्यातून परत आली नाही, त्या मुलीचे ते मत होते. त्याने लाल पेनाचे टोपण लावले आणि पेन खिशात ठेवले. मग तो खाली बसला.

मित्रांनो, कुणावर बोट ठेवण्याआधी वस्तू हातात घेऊन नीट बघा. आणि मुलांनी लिहिलेले जपा. माझ्यासारख्या वह्या तुमच्याही शाळेत, घरात कुठेतरी कशाखाली तरी असतील. त्या काढा, झटका, वाचा.

माझ्यात आता एकही रेघ मोकळी नाही. म्हणून मुंगीने मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहिले, बोट ठेवून, एकेक शब्द:

‘धुमसा वर येतो. मला आनंद झाला. पण ज्यांनी आधी लिहिले, त्यांना शेवटची पाने मिळालीच नव्हती. जेवढी मिळाली तेवढी त्यांनी माझ्यापेक्षाही नीट वाचली. त्यांचे काहीही खोडू नये.’