स्मशानाचं कुलूप

रविवारी सकाळी भोकरमाळच्या देवळासमोर मांडव पडला, चहा-पोह्यांची सोय झाली आणि दिग्विजयने माइक हातात घेतला. गाव पुणे शहरात सामील होऊन काही वर्षं झाली होती, तरी महत्त्वाची बैठक अजून देवळासमोरच व्हायची आणि बौद्धवस्तीतली माणसं मांडवाबाहेर, चपलांपाशी उभी राहायची. तिथे उभं राहा असं त्यांना कोणी सांगत नव्हतं. आता सांगावं लागत नव्हतं, एवढीच काय ती आपली प्रगती.

दिग्विजय म्हणजे गावचा पुढारी. धंदा जमिनी घेण्या-विकण्याचा, पांढरी गाडी, बोलणं गोड. त्याने बातमी दिली, की विमानतळाजवळ परदेशी व्यापार क्षेत्र व्हावं असा प्रस्ताव सरकारकडे जातोय. बाहेरदेशचा माल विमानातून थेट इथल्या गोदामांत उतरेल, आयातकर न भरता इथे ठेवता येईल, इथून पुन्हा जगात कुठेही धाडता येईल. पोरांना नोकऱ्या, जमिनींना भाव. पाहणीला परदेशी पाहुणे येणार होते. फक्त क्षेत्राच्या रस्त्याला तोंड हवं होतं आणि ते ओढ्याकाठच्या मोकळ्या जागेतून काढावं लागणार होतं. विकासासाठी गावाने एवढा त्याग करायलाच हवा, असं तो म्हणाला आणि गावाने टाळ्या वाजवल्या. वाजवणारच! ओढ्याकाठची ती जागा म्हणजे बौद्धवस्तीचं स्मशान होतं. दुसऱ्याच्या जागेचा त्याग करायला आपल्या बापाचं काय जातंय?

चपलांपाशी उभ्या असलेल्या कचरूनानांनी हात वर केला. हडपसरच्या कारखान्यात उभा जन्म मान खाली घालून काम केलेला हा माणूस. आमची माणसं मग कुठं न्यायची, एवढंच त्यांनी विचारलं.

"का हो नाना, आत्ता कोणी मेलंय का?" दिग्विजय माइकमध्येच म्हणाला.

अख्खा मांडव हसला. दुसऱ्या जागेचं बघू, पण गावात आता वीतभरही जागा शिल्लक नाही, असं तो पुढे म्हणाला आणि पोहे आले.

घरी नानांच्या बायकोने, सुंदराबाईंनी, काय ठरलं म्हणून विचारलं. बघू म्हणालेत, असं नाना पुटपुटले. मुलगी मैत्री मात्र उसळली. ती विमानतळावर माल उतरवून घेण्याच्या विभागात नोकरीला होती. गावच्या स्मशानात शेड आहे, पाणी आहे, सगळं सरकारी पैशातून बांधलेलं आहे, मग आपण तिथे का जायचं नाही, असा तिचा सरळ प्रश्न होता. नानांनी तिला गप्प बसवलं. सुंदराबाई भाकरी थापत होत्या, त्या तव्याकडे बघतच बोलल्या.

"मला काय त्या ओढ्याच्या चिखलात न्यायचं न्हाय. तुझ्या आजीचं सरण इझलं हुतं तिथं पावसात. डोळ्यानं बघितलंय मी."

नेमके पाहुणे यायचे त्याच दिवशी पहाटे सुंदराबाई गेल्या. दमा उसळला आणि विश्रांतवाडीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. ओढ्याकाठी तोवर पत्र्याचं कुंपण पडलं होतं, आत स्वागताची कमान होती, रांगोळी होती. दिग्विजय स्वतः शववाहिका घेऊन वस्तीत आला. शहरातल्या विद्युतदाहिनीत सगळी व्यवस्था लावतो म्हणाला. हात जोडून त्याने एकच विनंती केली, की गाडी मागच्या रस्त्याने न्या, पुढून पाहुणे येतायत, आजचा दिवस ॲडजस्ट करा. गावच्या स्मशानाला गावकीचं कुलूप होतं आणि किल्ली गावकीचा कारभार बघणाऱ्या शंभूअण्णांकडे. अण्णांनी दारातूनच सांगितलं, की रीत हाय ती, मी कोण मोडणारा? किल्ली कमरेला, ती फिरवायचा हात स्वतःचा, आणि मोडणारा मी कोण म्हणे!

नाना शववाहिकेकडे वळलेसुद्धा. शेवटच्या दिवशी तमाशा नको पोरी, असं ते मैत्रीला म्हणाले. मैत्री जागची हलली नाही.

"बाबा, आमच्याकडे विमानात कोणाचं पार्थिव आलं, की बाकीचा माल थांबवून आधी ते सन्मानाने बाहेर काढतो आम्ही. मेलेल्याची जात विचारत नाही. आणि माझ्या आईने तिच्याच गावात मागच्या रस्त्याने जायचं?"

वस्तीने सुंदराबाईंना खांद्यावर घेतलं आणि पुढच्याच रस्त्याने नेलं. लाकडांचा टेम्पो मागून आला. गावच्या स्मशानाच्या फाटकाशी सगळे थांबले, फाटकाला कुलूप होतं. मागे पाहुण्यांच्या गाड्या अडकल्या. दिग्विजय घामाघूम होऊन पळत आला. नाना, सगळ्या गावाचं वाटोळं कराल, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

नानांनी त्या दिवशी पहिल्यांदा मान वर केली.

"दिग्विजयराव, तुमी इचारलं हुतं, आत्ता कोणी मेलंय का. आता मेलंय. सांगा, कुठं न्यू?"

कोणी हसलं नाही. नानांनी रस्त्याकडेचा दगड उचलला आणि कुलूप तुटेपर्यंत घाव घातले. शेडखाली कोरड्या जागेत सरण रचलं, वस्तीने त्रिसरण-पंचशील म्हटलं आणि मैत्रीने आईला अग्नी दिला. गाड्या केव्हाच वळून निघून गेल्या होत्या. साऱ्या जगाच्या मालाला पायघड्या घालणाऱ्या या गावाला आपल्याच गावची एक बाई आत घ्यायला जड गेली, ही लाज कोणत्या प्रस्तावात लिहायची?

त्याच आठवड्यात मैत्रीने, जातीवरून स्मशान नाकारलं म्हणून, पोलिसांत रीतसर तक्रार दिली. आणि गावाने काय केलं? पुन्हा मांडव घातला. स्मशान बाटलं, आता तिथं आपली माणसं न्यायची नाहीत, गावासाठी नवं स्मशान बांधायचं, असं ठरलं. जागा शंभूअण्णांनी दिली, बांधकाम दिग्विजयने अंगावर घेतलं. ज्या गावात वीतभर जागा उरली नव्हती, तिथे एका चहात अर्धा एकर निघाला. कोणाला त्याचं काही वाटलं नाही. टाळ्याही वाजल्या.

त्या दिवशी मैत्री चपलांपाशी थांबली नव्हती. नानांचा हात धरून ती मांडवातून सरळ पुढे गेली होती आणि पहिल्या रांगेत बसली होती. टाळ्या थांबल्यावर ती उठली.

"बांधा," ती म्हणाली. "शेड चांगली मोठी बांधा. आमच्यातलं कोणी गेलं, की आम्ही तिथेही येऊ."