दारातली कोरा

आदर्श चौगुलेला गाड्या विकायला फार बोलावं लागलं नाही. निम्मं काम गाडीच्या नावानंच केलेलं असायचं. कंपनी परदेशी होती. तिच्या मुलखात ‘कोरा’ म्हणजे कसलासा समुद्रपक्षी, असं प्रशिक्षणाला आलेल्या टायवाल्या साहेबानं पडद्यावर चित्र दाखवून सांगितलं होतं. कोल्हापुरात त्या पक्ष्याशी कुणाला काय देणंघेणं? इथं कोरा म्हणजे कोरा. कोरी वही, कोरं कापड, तशी कोरी गाडी. आदर्शनं स्वतःच्या डोक्यानं शोरूमवर फलक लावला, ‘जुनी कशाला? कोरा घ्या!’ आणि मोटरसायकलवर बायको, दोन पोरं आणि मधोमध डब्याची पिशवी घेऊन फिरणारी माणसं शिरोली नाक्याकडं वळायला लागली.

खरं सांगायचं तर फलकानंही गाड्या विकल्या नाहीत, पाहुण्यांनी विकल्या. लोक जाहिरात बघून गाडी घेतात हा कंपन्यांचा गोड गैरसमज आहे. आपल्याकडं साडूनं घेतली म्हणून घेतात. पहिली कोरा आदर्शनं हुपरीच्या आकाराम दाजींच्या गळ्यात मारली. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. घरातच चांदीच्या पैंजणांचं काम, हाताखाली चार माणसं, बोलणं कमी आणि वजन जास्त. दाजींनी ती लालभडक गाडी एका लग्नात कार्यालयाच्या अगदी दारात लावली. अक्षता पडायच्या आत त्यांच्या साडूनं भाव विचारला. साडूनं पांढरी घेतली. ती बघून साडूच्या व्याह्यानं निळी घेतली. व्याह्याच्या भावकीला कसं गप्प बसवेल? मग शिरोळकडची उसाची मंडळी आली. पुढंपुढं मंगल कार्यालयासमोर इतक्या कोरा उभ्या राहायला लागल्या, की एकदा एक मामा जेवून बाहेर आले, दुसऱ्याच्याच गाडीत बसले, आपल्याच किल्लीनं ती सुरू करून घरी गेले. गाडी बदललीय हे त्यांना सकाळी मागच्या सीटवर परक्यांचा आहेर बघून कळलं. किल्ली कशी लागली, हा प्रश्न कुणी कंपनीला विचारला नाही. स्वस्त गाडीला असले प्रश्न विचारायचे नसतात.

त्या दिवसांत आदर्शचा थाट काय वर्णावा! कुठंही गेला तरी पहिली पंगत त्याची. बारशाला गेला तरी पोराच्या बापापेक्षा त्याचीच विचारपूस जास्त. “आमचं कोराचं पावणं,” अशी त्याची ओळख करून दिली जायची आणि तो मानेनंच ‘हो’ म्हणायचा, जणू कारखाना त्याच्याच परड्यात होता.

मग गाडी उतरणीला लागली. कोरा कुठं पेटली नाही, कुठं उलटली नाही, ती नुसती लोकांच्या मनातून उतरली. दार लावलं की पत्र्याच्या डब्याचं झाकण लावल्यासारखा आवाज यायचा. एसीची हवा फक्त ड्रायव्हरच्या डाव्या गुडघ्याला लागायची. हे सगळं पहिल्या दिवसापासून तसंच होतं, पण तेव्हा शेजाऱ्याच्या दारात मोटरसायकल होती. आता त्याच्या दारात मोठी उंच गाडी आली. स्वस्त म्हणून जी हौसेनं घेतली, तीच आता स्वस्त दिसते म्हणून लोक कार्यालयाच्या मागं, भटारखान्यापाशी लावायला लागले. नावाचाही अर्थ फिरला. “कोरा म्हंजे कोरा च्या हाय बघा,” एका चुलत्यानं भर पंगतीत सांगितलं, “दूध न्हाय, साखर न्हाय, निस्तं गरम पानी!” लोक हसले. आदर्शही हसला, पण त्या दिवशी त्याला दुसऱ्यांदा वाढायला कुणी आलं नाही.

शेवटी कंपनीनं देशातूनच गाशा गुंडाळला. शोरूमच्या जागी फरश्यांचं दुकान आलं. आदर्शला जयसिंगपूरला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये नोकरी लागली, तेव्हा तसं पोटाचं काही अडलं नाही. अडलं ते दुसरंच. कंपनीचे होते ते ग्राहक, त्यांना सोडून तिला जाता आलं. आदर्शचे होते ते पाहुणे. त्यांना सोडून तो जाणार कुठं? सुटे भाग मिळेनात, गॅरेजवाले कोरा बघितली की हात वर करायला लागले. मग आदर्शनं उद्यमनगरातल्या मीरासाब मिस्त्रींचे पाय धरले. ते भंगारातल्या गाड्यांतून भाग काढून द्यायचे, काही घासूनपुसून बसवायला शिकवायचे. दर रविवारी आदर्श पिशवी घेऊन कुठल्या तरी पाहुण्यांच्या अंगणात गाडीखाली आडवा झालेला असायचा, आणि संध्याकाळी न चुकता हुपरीला, दाजींच्या गाडीखाली.

हे सगळं निभलं असतं, पण आदर्शचं लग्न व्हायचं होतं.

आपल्याकडं मुलाची चौकशी कशी करतात? त्याच्या पाहुण्यांना फोन करून. आणि आदर्शच्या प्रत्येक पाहुण्याच्या दारात एक आजारी कोरा उभी. स्थळं यायची, पत्रिका जुळायची, मुलीकडचे चौकशीला लागायचे आणि आठवड्याभरात तिकडून आवाज बंद. आदर्शला कारण विचारायची गरजच वाटत नव्हती. ज्यांना आपण असली गाडी विकली ते आपल्याबद्दल काय बोलत असतील, हे त्यानं मनातल्या मनात शब्दन् शब्द ठरवून टाकलं होतं. त्याचे मित्र पोरांना शाळेत सोडायला लागले होते आणि हा अजून बघायच्या कार्यक्रमाचा शर्ट इस्त्री करत होता. आक्कानं नवस बोलायचे तेवढे बोलून झाले होते. “आता एवडं एक बघू,” ती म्हणाली, “न्हाय जमलं तर मी बी बोलायची न्हाय.” तिचा आवाज असा होता की आदर्शला पहिल्यांदाच भीती वाटली.

हे ‘एवढं एक’ बनाबाईनं आणलं होतं. बनाबाई निपाणीकडची, घरात कानडी बोलणारी, जुळवाजुळवीत पटाईत. मराठीही फडाफड बोलायची, फक्त तिच्या मराठीत बैल येती आणि म्हस जातो. कागलजवळच्या सर्जेराव खोतांना तिनं फोनवर मुलाची माहिती सांगितली, “पोरगं ट्रॅक्टरच्या शोरूमला हाय, शेती हाय, घर हाय, आनि दारात कोरा गाडी हाय!” गाडी दाजींची, हे तेवढं तिनं गाळलं. सर्जेरावांनी बनाबाईच्या बोलण्यातलं लिंग नेहमीप्रमाणं मनातल्या मनात दुरुस्त केलं. कोरा नव्हे, कोरी. दारात कोरी गाडी! चौकशी करताना ‘लगेच पुढं व्हा’ असं त्यांना कुणी म्हणालं नव्हतं, तरी कोऱ्या गाडीपुढं चौकशीचं काय चालतं? त्यांनी मंडळींना बोलावून टाकलं.

रविवारी सकाळी खोतांच्या अंगणातली म्हैस हलवून परड्यात बांधली गेली. गाडीला जागा झाली. भावकी येऊन कट्ट्यावर बसली, बनाबाईही. सर्जेरावांच्या पत्नी तानाबाई हळदीकुंकवाचं ताट आणि नारळ घेऊन दारात उभ्या राहिल्या, कारण कोरी गाडी पहिल्यांदा दारात यायची म्हणजे ओवाळायला नको?

आणि वळणावरून खडखडत दाजींची लाल कोरा आली. आकाराम दाजी चालवत होते, शेजारी आक्का, मागं आदर्श. म्हैस काढलेल्या जागेत गाडी बरोबर बसली. दाजी उतरले, आक्का उतरली. आदर्श उतरेना. मागचं दार आतून उघडत नव्हतं आणि अख्खी भावकी बघत असताना नवरदेव काचेमागं बसून नुसता हसत होता. शेवटी आक्कानं बाहेरून दाराला बुक्की मारून त्याला सोडवला.

सर्जेराव बनाबाईकडं वळले.

“बनाबाई, कोरी गाडी म्हनला हुतासा.”

“कोरी कवा म्हनलं मी? कोरा म्हनलं की!”

“आवो, गाडी कोरा कशी आसंल? गाडी कोरी आसती!”

“ती तुमच्यात. ह्यो कोराच हाय. मागं नाव वाचा की!”

सर्जेराव खरंच मागं जाऊन आले. “निम्मी अक्षरं पडल्यात,” त्यांनी सांगितलं. कट्ट्यावर खसखस पिकली. आदर्शची कानशिलं तापली. आता परत गाडीत बसावं म्हटलं, तर दार लागलेलं. तेवढ्यात तानाबाई पुढं झाल्या. “ताट आनलंय न्हवं, मग लावतेच,” म्हणत त्यांनी बॉनेटला हळदकुंकू लावलं आणि नारळ वाढवला. सर्जेरावही माणूस दिलदार. दारात आलेल्या पाहुण्यांना तसंच कसं घालवायचं? “चला, पावणं, आत चला. म्हस हालवलीच हाय तर पोहे तरी खाऊया.”

पोहे झाले. मग रिवाजाप्रमाणं मुलामुलीला बोलायला मागच्या सोप्यात बसवलं. मुलगी क्रांती, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात नोकरीला. बसल्या बसल्या ती तोंडाला पदर लावून हसायला लागली, ती थांबेचना.

“हसा,” आदर्श म्हणाला, “सवय हाय मला. तसं पन तुमी न्हाईच म्हननार. आमच्या पावण्यांनी काय काय सांगितलं आसंल, म्हाईत हाय मला.”

क्रांती हसायची थांबली. “काय सांगितलं आसंल?”

“फसवा हाय. भंगार गळ्यात मारतो. दुसरं काय सांगनार?”

“कुनी न्हाई असं बोललं,” ती म्हणाली. “बाबांनी बऱ्याच जनांना फोन लावला, स्पीकरवर. मी शेजारीच हुते. एकजात सगळे म्हनाले, पोरगा सोनं हाय. फकस्त घाई करू नका. कोन म्हनालं दिवाळीनंतर बघा, कोन म्हनालं पुढल्या साली. आमाला बी कळंना, सोनं हाय तर थांबायचं कशाला? शेवटी तुमच्या दाजींना लावला.”

“दाजींना?”

“त्ये म्हनाले, पोरगं लई गुनाचं हाय. पन लगीन झालं की त्याचा रविवार जानार बघा.”

एवढी वर्षं ज्या माणसांच्या तोंडी आदर्शनं शिव्या घातल्या होत्या, त्या माणसांनी त्याला शिव्या दिल्याच नव्हत्या. त्यांना तो हवा होता. इतका हवा होता, की एकजुटीनं त्यांनी त्याला बिनलग्नाचा ठेवला होता! त्याला राग आला, हसू आलं, आणि डोळ्यांत पाणी आलं ते त्या दोन्हींमुळं नव्हतं. तो तडक उठून अंगणात गेला. क्रांती मागोमाग आली.

दाजी गाडीपाशी उभे राहून बॉनेटवरचं कुंकू सरळ करत होते.

“दाजी, माजं लगीन तुमी मोडत हुतासा?”

दाजी दचकले. “मोडत न्हवतो रं. जरा लांबवत हुतो.”

“काय?” आक्का पायरीवरूनच ओरडली. कागलपर्यंत ऐकू गेलं असावं. “मी हितं देव पान्यात घालून बसलीया, आनि तुमी माज्याच घरात बसून फोनवर ह्ये धंदं करतासा? ह्या डबड्यासाठी? एका गाडीपायी माज्या भावाचं वय घालवलंसा?”

भावकी पोह्याच्या बशा घेऊन बाहेर आली होती. दाजींना त्या सगळ्यांपुढं बोलणं भाग होतं आणि बोलायची त्यांना सवय नव्हती.

“गाडीसाठी न्हाई गं,” ते म्हणाले. “गाडी म्या कवाच इकली आसती. भंगारवाला दोनदा दारात येऊन गेला.” त्यांनी टोपी काढली, परत घातली. “दोन्ही पोरं पुन्याला गेली. कामाची मानसं सांजंला घरला जात्यात. रविवारी ह्यो येतो, गाडीखाली पडतो. मी जवळ बसून पाने देतो, च्या हुतो, जरा दोन शबुद हुत्यात. गाडी इकली तर ह्यो कशाला यील? आनि लगीन झाल्यावर तर...”

आक्का पायरीवरच बसली. आदर्शनं उगाचच बॉनेट उघडलं आणि आत वाकून बघायला लागला. त्याचे खांदे हलत होते.

क्रांती उंबऱ्यातून पुढं आली. “दाजी,” ती म्हणाली, “म्हैन्यातला पयला आनि तिसरा रविवार तुमचा. बाकीचं माजं.”

“आनि पाचवा आला तर?” दाजींनी डोळे पुसत विचारलं. धंदेवाला माणूस शेवटी.

“पाचव्याला तुमी आनि आक्कांनी आमच्याकडं यायचं. पन दुसऱ्या गाडीनं.”

कट्ट्यावर हशा पिकला. सर्जेरावांनी बनाबाईकडं बघितलं, तानाबाईंकडं बघितलं, मग बॉनेटखाली वाकलेल्या आदर्शच्या पाठीवर हात ठेवला. “काय पावणं, पसंत हाय का मग?”

आदर्श वर उठून तोंड उघडायच्या आत दाजी म्हणाले, “व्हय.”