उपाशी वाफा

तीन वर्षं बाई पाच वाफ्यांच्या मागे होत्या. चार वाफ्यांना चार तऱ्हेची सेंद्रिय खतं, तुलनेसाठी पाचव्याला काहीच नाही. मातीतल्या जिवाणूंना कुठलं खत मानवतं, हा प्रबंधाचा विषय. सत्तेचाळिसाव्या वर्षी याहून मोठे प्रश्न त्यांना झेपत नव्हते. प्रबंध द्यायला बारा दिवस उरले होते.

चाचणी साधी. मातीत बिनरंगी द्रावण घालून नळी एक दिवस उबेत ठेवायची. जिवाणू कामसू असले तर त्यांची एन्झाइम्स द्रावण लाल करतात. आळशी असले तर ते फिकट राहतं. कचेऱ्यांमध्ये ही सोय अजून आलेली नाही.

सगळ्यांत लालभडक निघाली ती पाचव्या वाफ्याची नळी. मागच्या दोन्ही वर्षी ती गुलाबी झाली होती. तेव्हा मार्गदर्शक सरांनी ‘हवामान’ असं लिहायला लावलं होतं. या वेळी बाई माळीकाकांकडे गेल्या.

“काका, पाचव्यात काही घातलंत?”

“छे! चहाचा चोथा, भाजीची देठं, पालापाचोळा. बस.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून. अहो, घरात पाच लेकरं. चौघांना वाढायचं आणि पाचव्यानं टकामका बघायचं? पटतं का मनाला?”

“किती घालायचात?”

“मोजून कोण जेवायला वाढतं, बाई?”

तुलनेचा वाफाच तीन वर्षं जेवत होता. बाईंनी सरांना फोन केला.

“हात्तिच्या! त्याला ‘मिश्र खत’ म्हणा. कोरी माती कुंपणापलीकडून उचला. कोण बघायला येतंय?”

बाईंना मोह झाला, चांगला पाच मिनिटं.

“नको सर. परत करते.”

“म्हणजे आणखी तीन वर्षं!” सर अंत्यविधीला आल्यासारखे हळू बोलले.

मुदतवाढीच्या अर्जात कारणाच्या रकान्यात बाईंनी ‘दया’ लिहिलं, खोडलं, ‘मानवी हस्तक्षेप’ लिहिलं.

दुसऱ्या दिवशी बाई नव्या जागेत वाफ्यांसाठी दोऱ्या ताणत होत्या. काका खुंट्या ठोकत होते.

“यातला उपाशी कोणता?”

“तो कोपऱ्यातला.”

काकांनी हातोडी खाली ठेवली. “सांगायला नको होतंत. आता माझ्यानं राहवायचं नाही.”

बाईंनी दोऱ्या सोडल्या. “तुम्ही आठ दिवस रजेवर जा. कुणाला उपाशी ठेवायचं ते मी तुमच्या माघारी ठरवते.”