जबाबदारी आपली राहील

मी करारनामा बोलतोय. हो, तोच. ज्याचं शेवटचं पान आधी उघडून लोक विचारतात, 'सही कुठे करायची?' माझं कुणी ऐकेल अशी फारशी आशा नाही. वाचायलाच कुणाला वेळ नसतो, तिथे ऐकणार कोण?

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. एका बाजूला लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला अर्धवट खाल्लेलं केळं. माझी थोरली बहीण, म्हणजे माझ्या आईची खरीखुरी लेक, नुकतीच झोपली होती. त्यामुळे आई बटणंसुद्धा दबकत दाबत होती. मी असा चोरपावलांनी जगात आलो.

बाळंतपणानंतर आईची नोकरी सुटली होती. अडलेल्या बायकांना कामाची वाट शोधायला मदत करायची, असं 'पर्सनल कोचिंग' तिनं घरूनच सुरू केलं होतं. कोचिंग म्हटलं की लोक विचारत, कितवीचे क्लास? मग ती समजावून सांगायची, की मी शिकवत नाही, सल्लाही देत नाही. मी प्रश्न विचारते, उत्तर ज्याचं त्यानं शोधायचं. शेजारीण म्हणाली होती, प्रश्न तर आमचे हेही दिवसभर विचारतात. आई हसली, पण तेव्हापासून आपण करतो ते काम आहे की नुसताच आव, ही शंका तिच्या मनात घर करून बसली.

सुरुवातीला सगळा कारभार तोंडी होता. कुणी तासभर उशिरा यायचं, कुणी बाळाच्या अंघोळीच्या वेळी फोन करून रडायचं. आई ओल्या हातानं फोन कानाशी धरून ऐकत राहायची. शेवटी बाबा म्हणाले, "लिहून घेत जा. तुला 'नाही' म्हणता येत नाही, कागदाला येतं."

म्हणजे मी जन्मलोच मुळी 'नाही' म्हणायला.

नमुन्यादाखल सापडलेल्या करारांत 'उपरोक्त', 'सदरहू' असले शब्द होते. ते वाचून आईलाच घाम फुटला. मग तिनं मला साध्या भाषेत लिहिलं. भेट रद्द करायची तर आदल्या दिवशी कळवा. इथलं बोलणं इथेच राहील. ठरलेल्या वेळेबाहेर फोन घेतला जाणार नाही. यशाची हमी नाही. आणि सातवं कलम: 'भेटींनंतर घेतलेल्या निर्णयांची जबाबदारी तुमची राहील.'

माझा स्वभाव आईवरच गेलाय. 'शक्यतो', 'परंतु', 'अपवाद वगळता' हे शब्द माझ्या अंगावर घामोळ्यासारखे उठले होते.

सासूबाईंनी, म्हणजे माझ्या आजीनं, चष्मा लावून मला वाचलं. आयुष्यभर शाळेत शुद्धलेखन तपासलेली बाई. ऱ्हस्व-दीर्घ सुधारून झाल्यावर ती सातव्या कलमाशी थांबली. म्हणाली, "'जबाबदारी तुमची राहील'? अगं, ही काय चपला ठेवायच्या जागेवरची पाटी आहे? माणसं विश्वासानं येणार तुझ्याकडे. जरा 'आपण' वगैरे घाल."

आईला ते पटलं. आपण उद्धट वाटू, ही तर तिची रोजची काळजी. तिनं एक बटण दाबलं आणि माझ्यातले सगळे 'तुम्ही' एका झटक्यात 'आपण' झाले, सगळ्या 'तुमची'च्या 'आपली' झाल्या. मला भारी कपडे घातल्यासारखं वाटलं. ते कपडे पुढे कुठे काचणार आहेत, हे ना मला कळलं, ना त्या दोघींना.

बऱ्याच जणींनी मला न वाचता सह्या केल्या. मग ग्रंथपालबाई आल्या. एका शाळेच्या वाचनालयात त्या वर्षानुवर्षं काम करत होत्या. आईपेक्षा वयानं मोठ्या, तरी आईला 'मॅडम' म्हणायच्या. घरी आजारी वडील, भाऊ परगावी. दिवे कधी घालवायचे इथपासून डॉक्टर कुठला इथपर्यंत सगळं एकटीनं ठरवायचं. आता एका नव्या संस्थेनं त्यांना मोठं वाचनालय उभं करायला बोलावलं होतं. पक्की नोकरी सोडायची की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

त्यांनी मला पहिल्या ओळीपासून वाचलं. पेन्सिल हातात धरून, सावकाश. सातव्या कलमाशी त्या थबकल्या, 'आपली' या शब्दाखाली हलकी रेघ ओढली, आणि किंचित हसून सही केली. इतक्या मायेनं मला आजवर कुणी वाचलं नव्हतं. मी मोहरून गेलो.

भेटी चांगल्या चालल्या होत्या. आई प्रश्न विचारायची, बाई विचार करायच्या. 'आपण असं करून बघूया', 'आपल्याला जमेल' असं दोघीही म्हणायच्या आणि बाईंचा चेहरा खुलायचा.

नव्या संस्थेला होकार कळवायचा दिवस आला, त्या दुपारी माझी बहीण तापानं फणफणली होती. बाईंचा फोन आला. वेळ ठरलेली नव्हती, म्हणून माझ्याच तिसऱ्या कलमाचा आधार घेऊन आईनं तो वाजू दिला. मग निरोप आला: 'आपलं ठरलंय तसं राजीनामा देते. देऊ ना?' आईच्या एका हातात थर्मामीटर होता. दुसऱ्या हातानं तिनं लिहिलं, 'निर्णय आपला आहे. ठाम राहा.'

बाईंनी राजीनामा दिला. आणि नव्या संस्थेनं वाचनालयाचा बेतच गुंडाळला. शाळेनं तोवर दुसरी बाई नेमली होती.

त्या आमच्याकडे आल्या तेव्हा रडत नव्हत्या. भेटीला बसायच्या तशाच बसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, आता आपण काय करायचं?"

आता भांडण होणार, चारचौघांत नाव जाणार, असं आईला वाटलं. घाबरलेलं माणूस कागद शोधतं. तिनं फाइलमधून मला काढलं, बाईंसमोर ठेवलं आणि सातव्या कलमावर बोट टेकवलं. "ताई, हे आधीच लिहिलं होतं. जबाबदारी आपली राहील."

बाईंनी स्वतःच ओढलेल्या रेघेकडे पाहिलं.

"हेच वाचून तर मी सही केली," त्या म्हणाल्या. "आपली. तुमची आणि माझी."

आईचं बोट कलमावरच राहिलं. बाई उठल्या. दाराशी चपला घालताना म्हणाल्या, "तुमची म्हणायचं होतं, तर तुमचीच लिहायचं. मी वाचलं असतं."

'आपली'ऐवजी 'आपण' आणि त्याचं क्रियापद असतं, तर ही वेळ आली नसती. 'आपण घ्याल' वेगळं आणि 'आपण घेऊ' वेगळं, हे शेंबडं पोरही सांगेल. माझ्या 'राहील'ला मात्र दोन्ही घरं मोकळी होती. आईनं एक अर्थ लिहिला, बाईंनी त्यांना हवा होता तो वाचला. मला त्याच क्षणी ओरडून सांगावंसं वाटलं, की बाई म्हणतात तेच खरं समज. एकदा 'हो, आपली' म्हण. वाट तुलाही माहीत नसेल, पण सोबत बस. कागदाला 'नाही' म्हणता येतं. 'हो' म्हणायला माणूस लागतं.

बऱ्याच दिवसांनी आई मला पिशवीत घालून बाईंच्या घरी गेली. त्याआधी कितीदा तरी ती उंबऱ्यापर्यंत जाऊन परतली होती. बाईंनी पाणी दिलं, बाळ कसं आहे विचारलं. एका दुकानात लहानसं काम मिळालंय म्हणाल्या. आईनं माफी मागायचं वाक्य पाठ केलं होतं, पण ते अर्ध्यातच विस्कटलं. 'आपण पुन्हा भेटायला लागू या का?' असं तिनं विचारलं.

"तुम्ही या कधीतरी," बाई म्हणाल्या.

तुम्ही. पिशवीच्या अंधारात मी तो शब्द ऐकला.

आता आईच्या नव्या करारनाम्यात 'तुमची' आणि 'माझी' अशी दोन स्वच्छ कलमं आहेत. त्यात कुठे बोट ठेवायला जागा नाही. त्याच्यावर पेन्सिलची रेघही कुणी ओढत नाही.

मी स्वयंपाकघरातल्या खणात असतो. माझ्या कोऱ्या पाठीवर बहीण रंगीत खडूनं गिरगटते. ती हल्ली बोलायला लागलीय. वाटी, खडू, शेजारणीचं मांजर, सगळ्यालाच 'आपलं' म्हणते. आई तिची प्रत्येक चूक सुधारते, ही मात्र सुधारत नाही.

वाचकहो, माझ्यासारखा एखादा करारनामा लिहायला बसलात, तर सही घेण्याआधी समोरच्या माणसाकडून तो एकदा मोठ्यानं वाचून घ्या. आणि एखाद्या शब्दाशी ते थांबून हसलं, तर का हसलं ते विचारा. आमच्या आईला दुसऱ्यांना प्रश्न विचारायचंच तर काम होतं. तेवढा एक विचारायचा राहिला.