वाटीभर पेट्रोल

जुन्या मोटरसायकलींच्या प्रदर्शनात दोन प्रकारची माणसं येतात. एक, ‘किती देते?’ असं विचारणारी. आणि दुसरी, तो प्रश्न ऐकून पोटात कळ आल्यासारखा चेहरा करणारी. माझा थोरला भाऊ दुसऱ्या प्रकारातला. मला स्वतःला या गाड्या नुसत्या बघायला आवडतात. चालवायला सांगितलं की माझी कंबर धरते.

दादाची गाडी त्याच्या लग्नाआधीची. ‘मला दुसरेपणावर दिलंय,’ असं वहिनी पाहुण्यांना सांगते. दादा हे खोडून काढत नाही. तो म्हणतो, ‘पहिलीचा स्वभाव कळायला मला सात-आठ वर्षं लागली,’ आणि दुसरीबद्दल गप्प बसतो.

यंदा प्रदर्शनाला मी मुद्दाम सोबत गेलो, त्याला कारण दादाचा उजवा गुडघा. पुढच्या महिन्यात त्याचं ऑपरेशन होतं आणि त्यानंतर किक मारायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दादाने विचारलं, ‘हळू मारली तर?’ डॉक्टर म्हणाले, ‘हळू मारून सुरू होते का तुमची?’ तिथे दादाला खोटं बोलता आलं नाही.

तेव्हा ही शेवटची फेरी. नियम असा, की मालकाने स्वतः किक मारायची, मैदानाला एक पूर्ण चक्कर घालायची आणि इंजिन बंद न पडता दोरीपाशी परत यायचं. बाहेरून कोणी सूचना केली की गाडी बाद. हा नियम एका जावयामुळे सगळ्यांना पाठ आहे. मागल्या वर्षी तो सासऱ्यांना ‘क्लच, बाबा, क्लच’ असं ओरडला होता. सासरे बाद झाले आणि जावई अजून त्यांच्या घरी जात नाही, असं ऐकतो. बक्षीस म्हणजे पत्र्याचा पेला. दादाला पेल्याचं काही नव्हतं. त्याला एक अख्खी फेरी हवी होती, स्वतःच्या पायाने सुरू केलेली, चार लोकांदेखत.

सकाळी त्याने टाकी काठोकाठ भरली. मैदानावर टेम्पोतून गाडी उतरवल्यावर खाली वाकून पेट्रोलचा कॉक उघडला, कार्बोरेटर भरू दिला आणि मला म्हणाला, ‘झालं. आता फक्त किक.’ मग आम्ही दोघे छातीवर लावायचा नंबर आणायला गेलो. वहिनी पाण्याची बाटली भरून आली आणि गाडीपाशी राखणीला बसली.

दादाचा नंबर पुकारला. वहिनी नि मी दोरीबाहेर उभे राहिलो. दादाने किक आधी नुसती दाबून पाहिली, डोळे मिटले आणि मारली. काही नाही. दुसऱ्या किकेला गाडी सुरू झाली. तो आवाज ऐकून शेजारच्या गाडीचे मालक, जे दातांचे डॉक्टर होते आणि कुणाचंच कौतुक करत नव्हते, तेसुद्धा ‘हं’ म्हणाले.

‘सुरू झाली बाई एकदाची,’ वहिनी म्हणाली. ‘मला वाटलं, मी कॉक बंद केलाय म्हणून सुरूच व्हायची नाही की काय.’

मी तिच्याकडे पाहिलं.

‘कधी बंद केलास?’

‘तुम्ही नंबर आणायला गेलात तेव्हा. उघडाच होता, भावजी. बसल्या बसल्या हात गेला.’

आता यात तिला दोष कसा द्यायचा? त्या कार्बोरेटरला गळती आहे. गाडी उभी असताना कॉक उघडा राहिला की खाली थेंब पडतात. संसाराच्या पहिल्या आठवड्यापासून दादाने तिला एवढंच शिकवलं आहे: गॅस, नळ आणि कॉक. ती झोपेतसुद्धा बंद करेल.

‘पण चालू आहे ना?’ वहिनी म्हणाली.

‘कार्बोरेटरच्या वाटीत आहे तेवढ्यावर चालू आहे.’

‘म्हणजे किती?’

‘वाटीभर.’

तिने मैदानाकडे पाहिलं. मैदान चांगलंच मोठं होतं.

दादा अजून निघालाही नव्हता. परीक्षक इंजिनाचा आवाज ऐकत होते. मान एका खांद्यावर टाकून ऐकलं, मग दुसऱ्या खांद्यावर टाकून ऐकलं. मग सोबतच्या परीक्षकाला बोलावलं, ‘ऐका, ऐका, काय ठोका आहे.’ कौतुक चाललं होतं आणि वाटी रिकामी होत होती. एखाद्याची स्तुती थांबावी म्हणून मी आजवर बऱ्याचदा मनात देव आठवलाय, पण सख्ख्या भावासाठी ही पहिलीच वेळ.

‘ओरडा ना, भावजी.’

‘ओरडलो तर बाद.’

‘आणि नाही ओरडलात तर?’

दादा निघाला होता.

काय ऐटीत निघाला. पाठ ताठ, कोपर बाहेर. पहिल्या वळणावर त्याने आमच्याकडे बघून हात केला. आम्ही दोघांनीही केला. वहिनी हसलीसुद्धा. असं हसू मी फक्त दवाखान्यात पेशंटसमोर पाहिलंय.

‘पुरेल का हो?’

‘पुरेल की,’ मी म्हणालो. मला गाडीतलं जेवढं कळतं तेवढ्यावरून मी हे बोलायला नको होतं.

दुसरं वळण गेलं. लांबच्या कोपऱ्यात आवाज एकदा अडखळला. नवख्या माणसानेही वाकून कॉक चाचपला असता. पण टाकी काठोकाठ होती आणि कॉक दादाने स्वतःच्या हाताने उघडला होता. त्यामुळे तो पेट्रोल सोडून बाकी सगळ्याचा विचार करत असणार. आवाज परत अडखळला आणि मग आलाच नाही. लाउडस्पीकरवाल्याने ‘अरेरे’ म्हटलं आणि लगेच पुढचा नंबर पुकारला.

दादा गाडी ढकलत आला. उजवा पाय ओढत होता. मी दोरीखालून वाकून मदतीला गेलो, तर म्हणाला, ‘राहू दे. हलकी आहे.’ ती मुळीच हलकी नाही.

‘काय झालं?’ दातांच्या डॉक्टरांनी विचारलं.

‘प्लग असेल. बघावं लागेल.’

त्याने गाडी झाडाखाली स्टँडवर लावली आणि सवयीने कॉक बंद करायला वाकला. हात तिथेच थांबला. बराच वेळ तो वाकलेलाच होता. मला वाटलं गुडघा अडकला. मग सरळ झाला आणि वहिनीकडे पाहिलं. ती बाटलीचं झाकण लावत होती, काढत होती, लावत होती.

‘प्लगच आहे,’ दादा डॉक्टरांना परत म्हणाला. डॉक्टर गेले.

‘अहो,’ वहिनी म्हणाली, ‘उघडा दिसला, म्हणून मी…’

‘बरोबर आहे. उघडा दिसला की बंद करायचा.’ तो म्हणाला. ‘शिकवलंय कुणी?’

तो खाली वाकला आणि कॉक उघडला.

‘मी मारून बघू का किक?’ मी विचारलं.

‘तू?’ दादा म्हणाला. एवढंच म्हणाला, पण पुरेसं होतं.

तो स्वतः किकवर पाय ठेवून उभा राहिला, थोडं वजन टाकून पाहिलं, आणि पाय काढून घेतला. मग सीटवर आडवा बसला. आम्ही टेम्पोवाल्याची वाट बघत राहिलो. वाटी भरली आणि कार्बोरेटरखाली थेंब पडायला लागले. वहिनीचा हात एकदा कॉककडे गेला आणि पर्सच्या बंदापाशी परत आला. थोड्या वेळाने परत गेला.

‘राहू दे आज,’ दादा म्हणाला.

एक माणूस मुलीला कडेवर घेऊन आला, गाडीभोवती फिरला आणि दादाला म्हणाला, ‘छान ठेवलीय हो. किती देते?’

दादाने नेहमीचा तो चेहरा केला नाही.

‘अर्धी फेरी,’ तो म्हणाला.