फ्रिजच्या दारावरचा लेख

मांजरी गावात घर भाड्याने घेताना मी एका यादीवर सही केली, आणि ती पूर्ण वाचून केली, हे आधीच नोंदवते; कारण शिकलेल्या बाईने न वाचता सही कशी केली, असे घरमालक रावसाहेबांनी मला पुढे दोनदा विचारले. यादीत फ्रीज, वॉशिंग मशीन, गिझर आणि चार पंखे होते. खाली एकच वाक्य होते : 'वरील सर्व वस्तू चालू व उत्तम स्थितीत मिळाल्या.' त्या दिवशी नव्या इमारतीला वीज आलेली नव्हती. वस्तू चालू आहेत हे श्रद्धेने मानायचे होते, आणि श्रद्धेचा पुरावा म्हणून सही द्यायची होती. किल्ली सहीनंतर मिळत असे.

रावसाहेबांनी दोन वर्षांपूर्वी उसाचे रान बिल्डरला दिले आणि मोबदल्यात अकरा फ्लॅट घेतले. उसाचे शास्त्र त्यांनी फ्लॅटला तसेच लावले. भाडेकरू हा त्यांच्या लेखी खोडवा होता : लागवडीचा खर्च एकदाच, कापणी दर अकरा महिन्यांनी. रानात सापडलेला एक कोरीव दगड त्यांनी शेंदूर फासून सोसायटीच्या फाटकाशी उभा केला होता आणि रोज सकाळी त्याला हात जोडत. त्यावर गाढव कोरलेले होते. मी शिलालेखांची अभ्यासक. लोणी काळभोरच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. तो देव नसून दिलेले दान हिसकावून घेणाऱ्याला त्याच्या आईवरून दिलेली, दगडात कोरलेली शिवी आहे, हे मला पहिल्याच दिवशी कळले. नवी भाडेकरू म्हणून मी गप्प राहिले.

वीज बाराव्या दिवशी आली. फ्रिजने तिचे स्वागत गुऱ्हाळातल्या चरकासारखे करकरत केले, आणि त्यात ठेवलेले दूध ओट्यावरच्या दुधाच्या आधी नासले. हडपसरहून सुखदेव नावाचे दुरुस्ती कारागीर आले. त्यांनी मागची जाळी काढली, आत पाहिले आणि जाळी परत लावून टाकली.

"मॅडम, याला फ्रीज म्हणू नका," ते म्हणाले. "कपाट म्हणा. कपाट म्हणून चांगलंय."

हा अभिप्राय मी रावसाहेबांना जसाच्या तसा कळवला. त्यांचे म्हणणे असे की फ्रीज गेल्या दिवाळीत दुकानातून आणलेला, कोरा. बिघडला असेल तर तो माझ्या हाताने.

"सही तुमची हाय का न्हाय, मॅडम? आमी आडाणी मानसं. कागद म्हनंल त्ये खरं."

त्यांनी दोन वाटा दिल्या. एक, फ्रीज माझ्या हातून बिघडल्याचे मी लिहून द्यावे आणि नवा आणून ठेवावा. दुसरी, महिनाअखेर घर सोडावे. नव्या फ्रिजचे मी कसेतरी सोसले असते. लिहून देणे मला जमणारे नव्हते. बनावट ताम्रपट ओळखण्यात माझी चौदा वर्षे गेली आहेत. इनामाच्या लोभाने खोटे पत्रे कोरून घेणारे वतनदार मी दप्तरांतून शोधून काढले आहेत; त्यांच्या पंगतीला एका फ्रिजसाठी बसायची माझी तयारी नव्हती. रावसाहेबांनी खंडेनवमीची मुदत दिली. त्या दिवशी घरची मंडळी ट्रॅक्टर आणि पंपाबरोबर अकरा फ्लॅटमधल्या आपल्या यंत्रांनाही हळदकुंकू लावायला येणार होती, तेव्हाच कागद न्यायचा होता.

पुरावा मला ओल्या फडक्याने मिळाला. फ्रिजच्या दारावर, वरच्या कोपऱ्यात, लक्ष्मीचे चिकटचित्र होते. दार पुसताना बोटांना तिच्याखाली बारीक टिंबे लागली. भांड्यांवर नावे घालणाऱ्या मशीनची टिंबे बोटांना कळतात. आमच्या घरातला प्रत्येक पेला कोणाचा ना कोणाचा आहे. देवाचे चित्र उचकटून पाहण्याचे धाडस कोणी भाडेकरू करणार नाही, यावर रावसाहेबांची सगळी भिस्त असावी. मी लक्ष्मीला अलगद काढले आणि गिझरवर बसवले. तिथे निदान पाणी तरी तापत होते. खालचा लेख सुस्पष्ट होता : 'चि. सौ. कां. शेफाली हिस वडील पोपट यांजकडून सप्रेम भेट. २४-५-१९९८.'

गेल्या दिवाळीतला कोरा फ्रीज आठ वर्षांचा होता. मी समाधानाने खंडेनवमीची वाट पाहू लागले. शेफाली कोण, हा प्रश्न मला पडलाच नाही. माझ्या लेखांतल्या दान घेणाऱ्या व्यक्ती सातशे वर्षांपूर्वी वारलेल्या असतात.

ही शेफाली मात्र पूजेचे ताट घेऊन दारात आली. रावसाहेब छापलेला कागद घेऊन पुढे, गुडघे धरत त्यांच्या पत्नी मुक्ताबाई मध्ये, आणि मागे त्यांची सून, मुलगा पृथ्वीराज याची बायको. मुक्ताबाईंनी खुर्ची घेतली आणि लक्ष्मी कुठे गेली असे विचारले. मी गिझरकडे बोट दाखवले. तेवढ्यात सून फ्रिजपाशी पोचली आणि ताट हातात धरून तशीच उभी राहिली. मग तिने लेख मोठ्याने वाचला, तारखेसकट.

"आत्याबाई, हा भंगारात घातला होता ना?"

मुक्ताबाई म्हणाल्या की फ्रीज सगळे सारखेच दिसतात. शेफालीने त्यांच्याकडे पाहिले नाही. जे सांगायचे ते तिने मला सांगितले, दळणाचा हिशोब सांगावा तसे. तिचे वडील मार्केट यार्डात हमाल. तो फ्रीज त्यांनी स्वतःच्या पाठीवरून या घरात आणला. पहिल्या उन्हाळ्यात त्यात बर्फ होत असे. मग सासूबाईंना दोन दारांचा हवासा झाला, आणि हा मुळात बिघडलेलाच होता, असे चारचौघांत ठरले. हमालाने व्याह्याला मोडका माल गळ्यात मारला, अशी थट्टा दर सणाला झाली.

"आठ वर्षं झाली, मॅडम. अण्णा फाटकापर्यंत येतात, मला पिशवी देतात, परत जातात. उंबऱ्याच्या आत नाही आले."

मी रावसाहेबांना एकच प्रश्न विचारला. फ्रीज अठ्ठ्याण्णव साली बिघडलेला होता, की यंदा माझ्या हातून बिघडला? दोन्ही चालणार नव्हते. कोणत्याही वस्तूला मरायची संधी एकदाच मिळते. रावसाहेबांनी कागदाकडे पाहिले, मग बायकोकडे. त्यांना नवा फ्रीज हवा होता. मुक्ताबाईंना आठ वर्षांची थट्टा राखायची होती, आणि घरात शब्द त्यांचा चाले.

"बिघडलेलाच हुता," त्या म्हणाल्या. "पयल्यापासनं."

मी खटला जिंकले होते. घरमालकिणीने साक्षीदारांसमोर मला निर्दोष ठरवले होते. शेफालीने बोट कुंकवात बुडवले आणि ते वडिलांच्या नावावर टेकवले.

"द्या तो कागद," मी म्हणाले.

छापील मजकूर खोडून मी मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतःच्या अक्षरात लिहिले. हा फ्रीज पोपट यांनी आपल्या कन्येस दिला. तो आठ वर्षे उत्तम चालला. तो मुळात निर्दोष असून माझ्या हातून बिघडला. तो शेफालीच्या मालकीचा आहे. दुसऱ्या वाक्याला आधार नव्हता, आणि तिसरे धादांत खोटे होते. चौदा वर्षांत पाहिलेल्या बनावट दस्तऐवजांपेक्षा ते अधिक सफाईने उतरले. पाहून पाहून हात तयार झाला असावा.

मुक्ताबाई उठू लागल्या. गुडघ्याने उठू दिले नाही. रावसाहेबांची हरकत फक्त शेवटच्या वाक्याला होती. ते गेले तर माझी सहीही जाईल आणि नवा फ्रीजही, असे मी सांगितले. त्यांनी मान डोलावली. मग जुन्या दानपत्रांच्या रीतीला अनुसरून मी मजकुराखाली एक चित्र काढले.

"ह्ये काय? गाढाव?"

"फाटकावरच्या दगडावर आहे तेच. दिलेली वस्तू परत हिसकावणाऱ्यासाठी असतं."

"म्हंजी आपल्या देवाचं?"

"तुम्ही रोज हात जोडता तेच."

रावसाहेबांनी सही केली आणि कागदाला नमस्कार केला. कागद शेफालीने घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला.

दसऱ्याला सकाळी पोपटअण्णा आले. बरोबर यार्डातले दोघे होते, पण त्यांनी त्यांना हात लावू दिला नाही. फ्रीज पाठीवर घेऊन ते माझ्या घरातून निघाले आणि वाकलेल्या मानेने रावसाहेबांच्या उंबऱ्याच्या आत गेले. मुक्ताबाईंनी पाणी दिले. ते त्यांनी बसून प्यायले, आणि दुसरा तांब्या मागितला.

शेफालीने फ्रीज आपल्या खोलीत ठेवला आहे. त्यात तिच्या साड्या असतात. कपाट म्हणून तो चालू व उत्तम स्थितीत आहे.